अण्णांचा आवाज

आयुष्यातील चौतीस वर्षे ज्याने बँकेच्या रोजमेळात आणि खतावणीत घालविली, त्याला निवृत्तीनंतर घरातल्या एका काळ्या पेटीने हिशेब शिकवावा, हे ऐकून वाचकांना हसू येईल. पेटी घरात आली तेव्हा मीही हसलोच होतो. आता मात्र तिच्याकडे पाहताना हसू येत नाही, आणि तो सारा प्रसंग लिहून काढावा असे वाटते. आपल्या व्यापारी कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या अशी पेटी येणार आहे. कित्येकांच्या घरी ती आलीही असेल.

जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावरचे दुसरबीड हे आमचे गाव. पुढे दुकान, मागे घर, मध्ये चौक अशा जुन्या घाटणीच्या वास्तूत आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, धान्य-किराण्याचा व्यापार केला. आज ती गादी धाकटा भाऊ सांभाळतो. मी एम.कॉम. होऊन बँकेत गेलो, गावोगावच्या बदल्या भोगल्या आणि निवृत्त होऊन पुन्हा याच चौकात येऊन बसलो. आमच्या मातोश्री सोबत असतात. चिरंजीव पुण्यात संगणकाच्या व्यवसायात आहेत.

तीन दिवाळ्यांपूर्वी चिरंजीवांनी आपला जुना संगणक येथे आणून बाहेरच्या खोलीत बसविला. त्यात चार-चार टेराबाईटच्या दोन हार्ड डिस्क घातल्या. ‘ओपन मीडिया व्हॉल्ट’ नावाची प्रणाली आणि तिच्यावर ‘जेलीफिन’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर चढविले. सोप्या भाषेत सांगायचे तर ते घरचे भांडार झाले. लग्नाच्या चित्रफिती, छायाचित्रे, यात्रांची चलच्चित्रे, जुन्या वह्यांच्या पानांच्या प्रती, सारे काही त्या पेटीत राहते. टीव्हीवर किंवा मोबाईलवर जेलीफिन उघडले की चित्रपटांच्या यादीसारखी आपल्याच घराची यादी समोर येते, आणि बोट दाबताच पेटी ते दृश्य वाय-फायवरून पाठविते. आपला ठेवा परक्याच्या संगणकावर न ठेवता आपल्याच घरात राहावा, हा त्यामागचा विचार. मला तो पटला.

त्या पेटीत सर्वांत मोलाची वस्तू आकाराने सर्वांत लहान होती. १९९१ साली मी टेपरेकॉर्डर घेतला, तेव्हा सुट्टीत अण्णांना समोर बसवून सहा कॅसेटी भरून घेतल्या होत्या. दुकान कसे उभे राहिले. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तेव्हा आण्याचे पैसे करताना गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही कसे गोंधळले. शेर-पायली जाऊन किलो-लीटर आले, तेव्हा जुनी मापे कोठे गेली. १९७२ च्या दुष्काळात गादीवर काय काय पाहिले. असे ते बोलत गेले होते. पाच वर्षांनी अण्णा गेले. चिरंजीवांनी त्या कॅसेटी संगणकात उतरवून घेतल्यावर मी मूळ कॅसेटी भंगारात दिल्या. मूळ व्हाउचर ठरावीक वर्षे जपून ठेवण्याचा नियम ज्याने इतरांकडून सक्तीने पाळून घेतला, त्याने हे केले. असो.

यंदा आईचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस सर्वांनी मिळून करण्याचे ठरले. मुले, सुना, नातवंडे असे बावीस जण जमणार होते. संध्याकाळी टीव्हीवर जुन्या चित्रफिती लावाव्यात आणि शेवटी अण्णांचा आवाज ऐकवावा, अशी आईचीच इच्छा होती. आदल्या दिवशी दुपारी सहज म्हणून टीव्ही लावला, तर जेलीफिनने सांगितले की सर्व्हरशी संपर्क होत नाही.

चिरंजीव पुण्याहून निघण्याच्या गडबडीत होते. मनात म्हटले, आपणच पाहू. बँकेत तेरीज जुळली नाही, तर आम्ही सगळ्या वह्या एकदम उघडीत नसू. आधी फरकाला विचारायचे की बाबा, तू कोण आहेस? फरकाला ९ ने भाग जात असेल, तर कोठेतरी ६३ च्या जागी ३६ लिहिले गेले असण्याचा संभव. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची. ती जमेऐवजी नावे पडली असण्याचा संभव. मग एकेक वही पक्की करीत जायचे आणि पक्की झालेली बाजूला ठेवायची. हीच रीत मी येथे लावली.

टीव्हीवर यूट्यूब चालत होते. म्हणजे टीव्ही आणि इंटरनेट पक्के. मोबाईलवरूनही जेलीफिन उघडत नव्हते. म्हणजे दोष एकट्या टीव्हीकडे नव्हे. पेटीचा दिवा लागलेला होता, तारेच्या तोंडाशी हिरवा ठिपका लुकलुकत होता. म्हणजे पेटी जिवंत. राहता राहिला मधला रस्ता. चिरंजीवांनी पेटीवर एक चिठ्ठी चिकटविली होती, तिच्यावर पत्ता होता १९२.१६८.१.२० आणि पुढे ८०९६. तेवढ्यात आठवले, आठवड्यापूर्वी इंटरनेटच्या माणसाने जुना राउटर काढून नवा बसविला होता. घरातल्या प्रत्येक यंत्राला क्रमांक देण्याचे काम राउटर करतो. जुन्या राउटरमध्ये पेटीसाठी २० हा क्रमांक राखून ठेवलेला होता; नव्याला त्याची कल्पना नव्हती. नव्या राउटरच्या पानावर जाऊन यादी पाहिली, तर पेटी ७ क्रमांकावर बसली होती. मोबाईलवर नवा पत्ता टाकला आणि यादी उघडली. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला झालेला आनंद सौभाग्यवतींनी पाहिला आणि चहा केला.

तो आनंद चहा संपेपर्यंतच टिकला. थोरल्या बहिणीच्या लग्नाची फीत लावली, तर चित्र दहा पावले चालावे आणि थांबावे, असे होऊ लागले. नातीने घेतलेली अलीकडची चित्रणेही तशीच अडखळू लागली, काही मात्र सुरळीत चालली. चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, “बाबा, टीव्हीला ज्या प्रकारची फाईल वाचता येत नाही, तिचे पेटीला चालता चालता भाषांतर करावे लागते. प्रोसेसर जुना आहे, तो धापा टाकतो. जी फाईल टीव्हीला जशीच्या तशी चालते, तिथे पेटीला काहीच कष्ट नाहीत. त्या चार फायली मी तिथे आल्यावर आधीच बदलून ठेवतो.” दुभाष्यामार्फत भाषण चालले असता वक्त्याला जसे वाक्यावाक्याला थांबावे लागते, तसा हा प्रकार होता. दोष समजला, उपायही समजला. मी म्हटले, ठीक आहे, आता अण्णांचे पाहू.

अण्णांच्या सहा ध्वनिफितींची नावे यादीत दिसत होती. पहिली लावली. काही नाही. दुसरी लावली, अर्धे वाक्य ऐकू आले आणि आवाज बंद पडला. पेटीतून मात्र टक्, टक्, टक् असा बारीक आवाज येऊ लागला.

फोनवरच चिरंजीवांचा स्वर बदलला. “बाबा, आता काहीही करू नका. पुन्हा लावून पाहू नका, बंद-चालू करू नका. मी इथून पाहतो.” पुण्याहूनच त्यांनी पेटीत शिरून तपासणी केली. दोन डिस्क आरशासारख्या जोडलेल्या होत्या; जे एकीवर लिहिले जाई तेच दुसरीवर. त्यांपैकी एक डिस्क पाच महिन्यांपूर्वीच मिटली होती. उरलेल्या एकीवर सारा भार होता, आणि तिच्या स्वतःच्या आरोग्यपत्रकात वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा दिसत होता.

“पाच महिने? मग पेटीने सांगितले कसे नाही?” मी विचारले.

ते थोडे थांबून म्हणाले, “सांगत होती, बाबा. रोज सकाळी सुरू झाली की तुम्हांला एक ईमेल पाठवीत होती.”

मी ईमेल उघडला. इंग्रजीतील ती पत्रे मी जाहिरात समजून रोज न वाचता पुसत होतो. कचऱ्याच्या टोपलीत गेल्या महिन्याभराची तीस पत्रे ओळीने पडली होती. बँकेत असताना मुख्य कार्यालयाचे एक परिपत्रक न वाचता बाजूला ठेवणाऱ्या कनिष्ठाला मी किती बोललो असेन!

पण त्या वाक्यात आणखी एक शब्द होता, तो मला जरा उशिराने खटकला. रोज सकाळी सुरू झाली की? पेटी तर अहोरात्र चालू असावयास हवी होती.

खरी गोष्ट अशी की ती अहोरात्र चालू नव्हती. रात्री झोपताना बाहेरच्या खोलीचा मेन बंद करण्याची सवय मला अण्णांकडून आली आहे. दुकानाची कुलपे ओढून पाहणे आणि मेन खाली करणे, यांशिवाय त्यांचा दिवस मिटत नसे. पेटी आली तेव्हा चिरंजीवांनी बजावले होते की ही बंद करू नका. मी हो म्हटले होते. पहिल्या रात्री मेन बंद करताच पेटीचा यूपीएस कुईकुई करू लागला. आईची झोप मोडेल म्हणून मी तोही बंद केला. मग ते नित्याचेच झाले. पहाटे उठून मेन वर करायचा, पेटी आपोआप सुरू होई. कोणाला काही कळत नसे. विजेची बचत होते, असे समाधान होते. पुढे हिशेब केला. पेटी सुमारे चाळीस वॅट वीज घेते. रात्रीच्या आठ तासांचे महिन्याला दहा युनिटही होत नाहीत.

संगणकाचीही रोजकीर्द असते, हे मला त्या दिवशी कळले. कधी सुरू झाला, कधी बंद झाला, नीट बंद झाला की अचानक, सारे तारीखवार लिहिलेले असते. चिरंजीवांनी ती मोबाईलवर पाठविली. रात्री दहा-चाळीस, दहा-पस्तीस, अकरा. ओळीने अचानक बंद पडल्याच्या खुणा. लिहिण्याचे काम चालू असताना हातातली लेखणी हिसकावून घ्यावी, तसे मी रोज करीत होतो. “तुला हे माहीत होते?” मी विचारले. ते म्हणाले, “गेल्या वर्षी एकदा दिसले होते. बोलायचे राहून गेले.” राहून गेले नव्हते, हे मला समजले. बापाला कसे बोलावे, म्हणून ते गप्प राहिले होते. पुढे ते एवढेच म्हणाले, “डिस्क जुन्याही होत्या, बाबा. सगळे तुमच्यामुळे नाही.” त्यात तथ्यही असेल. पण ऑडिटमध्ये मी असे उत्तर स्वीकारले नसते.

रात्री चिरंजीव सहकुटुंब पोहोचले. वाटेत जालन्याला थांबून त्यांनी नवी डिस्क घेतली होती. आजारी डिस्क दुरुस्त करण्याच्या भानगडीत प्रथम पडायचे नाही, आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढायची, हा त्यांचा पहिला नियम. त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे एक मोफत साधन आहे. ते प्रथम डिस्कचा निरोगी भाग भराभर उतरवून घेते, बिघडलेल्या जागा टिपून ठेवून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. अडलेल्या खात्यापाशी बसून न राहता आधी चांगली खाती वसूल करावीत, तीच ही पद्धत. रात्री अकराला काम सुरू झाले. त्या रात्री आम्ही दोघे बापलेक बाहेरच्या खोलीत आळीपाळीने जागे होतो. मेनकडे माझा हात दोनदा गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतही शेवटचे प्रयत्न संपले नव्हते. वाढदिवस झाला, लग्नाची फीत बहिणीच्या मुलाकडील दुसऱ्या प्रतीवरून दाखविली. अण्णांचा आवाज मात्र ऐकवता आला नाही. आईने एकदा विचारले, मी “यंत्र बिघडले आहे” एवढेच सांगितले. बिघडविणारा कोण, ते सांगण्याचे धैर्य झाले नाही.

मध्यरात्रीनंतर निकाल हाती आला. सहापैकी पाच फिती संपूर्ण मिळाल्या. सहाव्या फितीतून अकरा मिनिटे गेली. त्याआधी अण्णा म्हणतात, बहात्तर साली आपल्या खतावणीत एक खाते होते, आणि पुढे खरखर. खरखर संपते तेव्हा ते पावसाविषयी बोलत असतात.

सकाळी मी आईपाशी बसून सारे सांगितले. मेनचेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बहात्तरचं खातं ना? मले विचार की. मी हाय अजून.”

आणि तिने सांगितले. दुष्काळात गावोगावची माणसे खडी फोडायला जात होती, मिलो आणि सुकडीवर दिवस काढीत होती. जवळच्या एका खेड्यातले कुटुंब वर्षभर आपल्याकडून उधारीवर धान्य नेत होते. पुढे त्या घरचा कर्ता माणूस गेला. त्याची विधवा दोन वर्षांनी हातातल्या पाटल्या फडक्यात बांधून दुकानी आली आणि म्हणाली, खाते मिटवा. मी १९९१ साली ही हकीकत अण्णांच्या तोंडून ऐकली होती. त्यांनी ते खाते सोडून दिले, एवढे मला आठवत होते. आई म्हणाली, “ते घेणार होते पाटल्या. व्यवहार म्हणजे व्यवहार, म्हणे. मी आतून आले, खतावणीचं ते पान फाडलं न् चुलीत घातलं. आठ दिवस बोलले नाही माझ्याशी.”

अण्णांनी त्या फितीत हे असेच सांगितले होते की आईचे नाव त्यात नव्हतेच, हे आता कळण्याची सोय उरलेली नाही. ती अकरा मिनिटे मी गमावली. पण माझ्या हातात मोबाईल होता आणि आईचे बोलणे मी पहिल्या वाक्यापासून नोंदवून घेत होतो. अठ्ठ्याऐंशी वर्षांत तिला समोर बसवून बोलते करावे, हे आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते. सहा कॅसेटी अण्णांच्या होत्या, तिची एकही नव्हती. आता रोज दुपारी अर्धा तास ती बोलते आणि नात नोंदवून घेते.

या निमित्ताने मला आपल्या पूर्वजांची एक रीत आठवली. आपल्याकडे शास्त्रदानाची परंपरा होती. श्रावक स्वखर्चाने ग्रंथाची नक्कल करवून घेई आणि ती भांडारास देई. त्यात पुण्याचा भाग होताच. पण एकाच ग्रंथाच्या प्रती निरनिराळ्या गावी राहिल्याने आग, वाळवी, पूर यांतून ग्रंथ वाचला. आपल्या वऱ्हाडातील कारंजाच्या भांडारांतील हस्तलिखितांवरून १९३० च्या दशकात अपभ्रंश काव्ये छापून जगापुढे आली. याउलट धवला, जयधवला यांसारखे महान ग्रंथ शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरच राहिले. पुढे त्यांच्या नकला झाल्या आणि डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ साली षट्खंडागमाचा पहिला खंड प्रकाशित केला. सोळावा खंड निघाला तो १९५८ साली. ज्या समाजाने ताडपत्रांची प्रत करवून दुसऱ्या गावी ठेवण्याचे मोल जाणले, त्याच समाजातला मी एकुलत्या प्रतीवर निर्धास्त झोपत होतो.

बँकेत संगणक आले, तेव्हा दिवसाचे काम संपले की बॅकअपची फ्लॉपी काढून शाखेबाहेर सुरक्षित ठेवण्याचा दंडक होता. संगणक क्षेत्रात यालाच तीन-दोन-एकचा नियम म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आणि आरशासारख्या जोडलेल्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत, हेही ध्यानात ठेवावे. एकीवरून चुकून पुसले, तर दुसरीवरूनही तत्क्षणी पुसले जाते.

आमच्या घरी आता एक प्रत पेटीत, एक चिरंजीवांकडे पुण्यात आणि एक लहान डिस्कवर बँकेच्या लॉकरमध्ये असते. दर तिमाहीला लॉकरमधील डिस्क आणून नवी भर घालतो आणि तिच्यावरील कोणत्याही दोन फायली प्रत्यक्ष उघडून पाहतो. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड. पेटीचा पत्ता नव्या राउटरमध्ये राखून ठेवला आहे. ईमेलचा मजकूर आता मराठीत येतो आणि तो मी वाचतो.

व्यापारी बंधूंना एक विनंती आहे. घरच्या चित्रफितींचे राहू द्या, आपल्या दुकानाचा हिशेब आज कोठे आहे, ते पाहा. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ती जर गादीवरच्या एकाच संगणकात असतील, आणि तो संगणक रात्री कोणी बटण दाबून बंद करीत असेल, तर येत्या रविवारी अर्धा तास काढा. एक प्रत करा, ती दुसऱ्या छपराखाली ठेवा. आणि घरात कोणी वडीलधारे असतील, तर त्याच अर्ध्या तासात मोबाईल त्यांच्यापुढे ठेवून एक प्रश्न विचारा.

आमच्याकडे बाहेरच्या खोलीच्या मेनवर नातीने कागद चिकटविला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: “आजोबा, नाही.”